चालक : स्वतः

दिल्लीत मयूर विहारच्या सबनिसांकडे कुठलीही गोष्ट नुसती तोंडी ठरत नसे. प्रेशर कुकर बदलायचा असो की मुलाचं लग्न ठरवायचं असो, आधी फाइल उघडायची, हिरव्या कागदावर टिपणी लिहायची आणि सही करून फाइल ‘वर’ पाठवायची. वर म्हणजे हॉलमधल्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत. तिथे सूर्यकांत सबनीस बसत. छत्तीस वर्षं वेगवेगळ्या मंत्रालयांत काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. ऑफिस सुटलं, टिपणी काही सुटली नाही. सून क्षिप्रा हिचं स्थळ आलं तेव्हाची फाइल अजून कपाटात आहे आणि तिच्यावर शेवटचा शेरा आहे, ‘मुलगी योग्य वाटते. मंजूर.’ लग्नानंतर क्षिप्राच्या हाती ती लागली. ती आधी पोट धरून हसली आणि मग दोन दिवस सासऱ्यांशी बोलली नाही.

आता, शेरे जरी सूर्यकांतरावांचे असले तरी घर चालवत होत्या त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई, आणि गाडीही त्याच चालवत होत्या. सूर्यकांतरावांनी तीनदा ड्रायव्हिंग शिकायला घेतलं, तीनदा सोडलं, आणि ‘दिल्लीचं ट्रॅफिक सभ्य माणसासाठी नाही’ असं सांगून विषय मिटवला. तेव्हापासून ते बायकोच्या डाव्या हाताला बसत आणि जिथे ब्रेक नाही तिथे उजवा पाय दाबत. सासूबाईंचा गुडघा धरला की हिंदूराव हॉस्पिटलला न्यायचं, मुलाला, अनुरागला, क्लासला सोडायचं, पहाडगंजातून घाऊक भावाने पडदे आणायचे, ही सगळी कामं वैजयंतीबाईंच्या पांढऱ्या सँट्रोने केली. एवढं करून मराठी मंडळाच्या यादीत छापलेलं असे, ‘श्री. सबनीस (स्वतःची मोटार)’.

वैजयंतीबाई जन्मल्या करोल बागेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे अनुवादकाची परीक्षा त्यांनी खेळता खेळता दिली आणि एकोणीसशे एकोणनव्वद साली हवामान खात्यात हिंदीच्या विभागात रुजू झाल्या. काम असं की किनाऱ्यांसाठीचं जे हवामानपत्र इंग्रजीत यायचं, ते हिंदीत करायचं. त्यांच्या वाट्याला उत्तर गुजरातचा किनारा आला, आणि आला तो चिकटलाच. लखपत, कोटेश्वर, जखौ, नलिया, मांडवी ही नावं त्यांना न भेटलेल्या नणंदांसारखी तोंडपाठ होती. थंडीत सगळ्यांच्या आधी नलिया गारठतं, वारा फिरला की जखौच्या होड्या अडकतात, हे त्यांना लोधी रोडच्या ऑफिसातल्या टेबलावर बसून कळायचं. वारा वाढला की खाली एक वाक्य लिहायचं, ‘मछुआरों को सलाह दी जाती है कि वे समुद्र में न जाएँ.’ तेहतीस वर्षं त्यांनी हे वाक्य लिहिलं. कोळ्यांनी ते किती पाळलं देव जाणे, पण वैजयंतीबाईंनी मात्र तंतोतंत पाळलं. त्या समुद्राकडे गेल्याच नाहीत.

म्हणजे एकदा पाहिला होता. मुंबईत, टॅक्सीच्या काचेतून, सिग्नल सुटेपर्यंत. बाकी सुट्टी म्हटली की एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चाचा प्रवास, आणि एलटीसी म्हटलं की पुणे, कारण सूर्यकांतरावांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ‘गृहनगर : पुणे’ असं लिहून दिलं होतं. त्याखेरीज दर संक्रांतीला मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबला जायचं, युद्धात पडलेल्यांना हात जोडायचे, बसमध्ये तिळगूळ खाऊन परत यायचं. सबनिसांचा सडकेचा प्रवास एवढाच.

सँट्रो आली जानेवारी दोन हजार नऊमध्ये, वैजयंतीबाईंच्या नावावर. त्याच आठवड्यात त्यांनी फाइल उघडली. विषय : समुद्रकिनारा. प्रस्ताव : दिल्ली ते लखपत, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मांडवी. वाहन : स्वतःचं. चालक : स्वतः. खाली झोकदार सही.

फाइल वर गेली आणि तिथेच बसली. पहिल्या वर्षी शेरा आला, ‘चि. अनुरागची दहावी. पुढील वर्षी सादर करावे.’ पुढच्या वर्षी सादर केली तर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि ते खरंच होतं, त्याबद्दल वैजयंतीबाईंची तक्रार नव्हती. मग एका वर्षी सूर्यकांतरावांनी नियम काढला की स्वतःच्या मोटारीने गेल्यास एलटीसी देय नाही, सबब पुण्याला रेल्वेने जावे. गेले पुण्याला. नंतर ‘सीमेचा भाग आहे, सुरक्षेची चौकशी करावी’ असं आलं. चौकशी कोणी करायची ते लिहिलं नव्हतं, म्हणून कोणी केली नाही. करोना आला तेव्हा तर शेरा लिहायचीही गरज उरली नाही. दोन हजार बावीसमध्ये वैजयंतीबाई निवृत्त झाल्या, आणि निरोपाचा हार अजून ताजा असताना त्यांनी फाइल पुन्हा वर ठेवली. दोन दिवसांनी ती खाली आली. ‘चर्चा करावी.’

सरकारात मुरलेल्या माणसाला सांगायला नको, ‘चर्चा करावी’ म्हणजे घोंगडं भिजत ठेवावं. चर्चा झाली नाही.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरमधल्या एका रविवारी अनुराग आणि क्षिप्रा गुरुग्रामहून जेवायला आले. साबुदाणा वडे चालले होते. अनुराग म्हणाला, “आई, एकोणीस जानेवारीला सँट्रोला पंधरा वर्षं होतायत. त्यानंतर दिल्लीत रस्त्यावर दिसली तर उचलून नेतील, नियमच आहे. मी स्क्रॅपवाल्याशी बोललोय, त्यांचा माणूस येऊन घेऊन जाईल.”

“अच्छा,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “मग दुसरी बघायला पाहिजे.”

“दुसरी कशाला? कॅब आहे ना यार. एकसष्ट वर्षांची झालीस. या ट्रॅफिकमध्ये कशाला गाडी चालवतेस? बस झालं आता.”

क्षिप्राने त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण तोवर बोलून झालं होतं. सूर्यकांतराव उठले, कपाटातून समुद्राची फाइल काढली, खिशातलं पेन काढलं आणि जागेवरच शेरा लिहून फाइल बायकोपुढे ठेवली. ‘वाहन भंगारात जात आहे. यापुढे चालकाची आवश्यकता राहत नाही. प्रस्ताव निकाली.’

वैजयंतीबाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रवास राहिला याचं दुःख पंधरा वर्षं सोसून झालं होतं, ते अंगवळणी पडलं होतं. पण पंधरा वर्षं ज्या हातांनी या घराला इकडून तिकडे नेलं, ते हात एका ओळीत निकाली? समुद्र गेला तर गेला, यांनी स्टिअरिंगही काढून घेतलं! आता गप्प बसले तर उरलेलं आयुष्य मागच्या सीटवर बसून ‘भैया, लेफ्ट से’ म्हणत काढायचं, हे त्यांना लख्ख दिसलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, “आठ जानेवारीला मी लखपतला निघतेय.”

“मंजुरीशिवाय?” सूर्यकांतरावांनी विचारलं. तो प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

“हो. मंजुरीशिवाय.”

“अगं, एकटी बाई, तेराशे किलोमीटर, पंधरा वर्षांची गाडी! पानिपत होईल!”

“पानिपत उत्तरेला आहे. मी दक्षिणेला चाललेय. नकाशा बघा.”

मग दोन आठवडे घरात जी चर्चा पंधरा वर्षं झाली नव्हती ती झाली. अनुरागने विमानाचं तिकीट काढून देतो म्हटलं. सूर्यकांतरावांनी धुक्यातल्या अपघातांची कात्रणं कापून फ्रिजवर लावली. मंडळाच्या वृंदाताई फोनवर म्हणाल्या, “अगं, काला अंबची बस संक्रांतीला आहे, बावीस वर्षांत तू एकदाही चुकवली नाहीस.” वैजयंतीबाईंनी एकच उत्तर ठेवलं होतं, “आधी लगीन कोंढाण्याचं.” त्यांनी गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं, चारही टायर बदलले. ज्या गाडीला महिन्याभरात भंगारात घालायचं तिला नवे टायर, हे पाहून मेकॅनिकसुद्धा म्हणाला, “आंटीजी, बेकार का खर्चा.” त्या म्हणाल्या, “बेटा, दुल्हन की विदाई है, नंगे पाँव भेजूँ क्या?”

आठ तारखेला सकाळी धुकं विरेपर्यंत थांबून, दहा वाजता त्या खाली उतरल्या. सूर्यकांतराव मफलर गुंडाळून पार्किंगमध्ये उभे होते. ते येणार नव्हते. निकाली काढलेल्या प्रस्तावात प्रवास कसा करायचा? वैजयंतीबाईंनी बॅग मागे टाकली, आणि बॅगेवर ती फाइलही.

“फाइल कुठे नेतेस?”

“जागेवर पाहणी करायला,” त्या म्हणाल्या आणि गाडी काढली. गेटपर्यंत आरशात मफलर दिसत होता. त्यांना वाईट वाटलं, पण गाडी थांबवावी एवढं नाही.

जयपूरच्या रस्त्याला लागल्यावर पहिला तासभर त्यांचे हात घट्ट आवळलेले होते. डावीकडची सीट रिकामी, कोणी दचकत नाही, कोणी नसलेला ब्रेक दाबत नाही. मग हळूहळू कळलं की आपण गाडी छान चालवतो. हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही तपासून पाहिलं नव्हतं. पहिला मुक्काम अजमेर, दुसरा पालनपूर. एका ढाब्यावर ट्रकवाल्याने विचारलं, “माताजी, साथ में कौन है?” त्या म्हणाल्या, “कोई नहीं. क्यों, तुम्हारे साथ कौन है?” तो हसला आणि पुढचा कुठला तुकडा खराब आहे ते त्याने नीट समजावून सांगितलं.

सूर्यकांतराव दिवसातून चारदा फोन करत. पाणी तपासलंस का, हवा तपासलीस का, अंधाराच्या आत हॉटेलात शिर. वैजयंतीबाई सगळ्याला ‘बिल्कुल’ म्हणत.

भूज सोडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना काटेरी बाभळी, मध्येच उंटांचा तांडा, मैलोन् मैल दुसरी गाडी नाही. बारा तारखेला दुपारी लखपतच्या वेशीतून सँट्रो आत शिरली. केवढी ती तटबंदी, आणि आत गाव जवळजवळ नाहीच. कधीकाळी इथे नदी येत होती, जहाजं लागत होती. भूकंपात नदीने वाट बदलली आणि गाव ओस पडलं. वैजयंतीबाई तटाच्या पायऱ्या चढून वर गेल्या, डोळे मिटून घेतले, मग उघडले.

समोर चिखल होता. राखाडी, सपाट, आभाळापर्यंत. त्याच्या पलीकडे पाण्याची एक पातळ रेघ. लाट नाही, गाज नाही, काही नाही. तेहतीस वर्षं ज्याला त्यांनी खवळवलं आणि शांत केलं तो उत्तर गुजरातचा समुद्र वरच्या टोकाला असा घोट्याएवढा होता. त्या एकट्याच मोठमोठ्याने हसल्या. पहाऱ्यावरच्या जवानाने काळजीने विचारलं, “मैडम, सब ठीक?” त्या म्हणाल्या, “बहुत ठीक. आगे और है ना?” त्याने दक्षिणेकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी नारायण सरोवराहून कोटेश्वरला गेल्या तेव्हा वारा सुटला होता. देऊळ अगदी जमिनीच्या टोकावर, खाली खाडीचं पाणी दगडांवर आपटत होतं. होड्या ओढून वर घेतल्या होत्या. त्यांच्या आडोशाला एक म्हातारा जाळं सांधत बसला होता.

“आज नहीं गए?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“हवा है. रेडियो ने मना किया है.”

“रेडियो की बात मानते हो?”

त्याने मान वर केली. “चालीस बरस से मानता हूँ, बहन. इसीलिए तो बैठा आपसे बात कर रहा हूँ.”

ते वाक्य मी लिहायची, असं सांगायचं वैजयंतीबाईंच्या ओठांवर आलं होतं, पण सांगितलं नाही. त्यांना मनापासून बरं वाटलं, एवढं पुरेसं होतं. त्या म्हाताऱ्याजवळ थोडा वेळ बसल्या आणि त्यांनी विचारलं, “फिर कब जाओगे?”

“परसों. दो दिन की मनाही है. ज़िंदगी भर की थोड़े है!”

तेवढ्यात फोन वाजला. सूर्यकांतराव. आवाज विजयी होता. “ऐक, आजचं हवामानपत्र काढलंय मी. वाचतो. उत्तर गुजरात तट पर तेज़ हवाएँ. मछुआरों को सलाह दी जाती है कि वे समुद्र में न जाएँ. बघ! तुझंच वाक्य आहे. आता तरी मागे फिर.”

“पुढचं वाचा,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“पुढे काय?”

“तारीख आणि वेळ. ती मीच लिहायची, मला पाठ आहे. ही सूचना कधीपर्यंत लागू आहे?”

सूर्यकांतरावांनी खालची ओळ शोधली. “अठ्ठेचाळीस तास.”

“हां. प्रत्येक मनाईला मुदत असते. वारा पडला की होड्या जातात. तुम्ही मला पंधरा वर्षं किनाऱ्यावर बसवून ठेवलंत आणि मुदत एकदाही लिहिली नाहीत. एवढे मोठे अवर सचिव, हे कसं राहिलं हो?”

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग “जपून चालव” एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

तिथून पुढचा रस्ता म्हणजे वैजयंतीबाईंनी आयुष्यात चालवलेला सगळ्यात सुंदर रस्ता. उजवीकडे कधी मिठागरांचे पांढरे ढीग, कधी फ्लेमिंगोंचे थवे, मध्येच पाणी दिसायचं आणि पुन्हा लपायचं. सुसाट वारा गाडीला ढकलत होता आणि त्या स्टिअरिंग धरून त्याला उलट ढकलत होत्या. नलियाला कुडकुडत चहा प्यायल्या, ‘तू खरंच थंड आहेस हां’ असं गावाला मोठ्याने सांगितलं. नलियाच्या पुढे पवनचक्क्यांच्या रांगेपलीकडे अखेर खरा समुद्र आला. पुरुषभर लाटा, गाज, फेस, सगळं. त्यांनी चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. थंडगार पाण्याने अंगावर काटा आला. “खवळलास ना?” त्या त्याला म्हणाल्या. “खवळ. मी काय आता कोणाला विचारणार नाही.” आणि मग त्या रडल्या. वय एकसष्ट झाल्यावर हे बघायला मिळालं याचा आनंद होता आणि चाळिशीत का नाही मिळालं याचा रागही होता, दोन्ही एकदमच.

संक्रांतीच्या दिवशी मांडवीला, लाकडी जहाजं बांधतात तिथल्या कट्ट्यावर बसून त्यांनी फाइल उघडली. ‘चालकाची आवश्यकता राहत नाही’ या ओळीखाली त्यांनी पेनाने लिहिलं, ‘वरील शेरा अमान्य. प्रवास पूर्ण. चालक : स्वतः.’ आणि झोकदार सही केली.

सतराला संध्याकाळी सँट्रो मयूर विहारच्या गेटात शिरली, आरशापासून दारांपर्यंत कच्छच्या धुळीने माखलेली. सूर्यकांतराव खालीच होते. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग गाडीकडे. फाइल हातात घेऊन ते तिथेच, पार्किंगच्या दिव्याखाली वाचत उभे राहिले. खालची ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. मग खिशातलं पेन काढलं, आणि वैजयंतीबाई भांडायच्या तयारीत उभ्या असतानाच, समासात एकच शब्द लिहिला, ‘पाहिले.’ वर जाऊन त्यांनी स्वतः चहा टाकला आणि फ्रिजवरची कात्रणं काढून टाकली.

एकोणीसला सकाळी स्क्रॅपवाल्यांचा माणूस किल्ली घ्यायला आला. वैजयंतीबाईंनी किल्ली दिली नाही. “मैं छोड़ आऊँगी. इतने साल मैंने चलाई है, आख़िरी बीस किलोमीटर कोई दूसरा क्यों चलाए?” अनुराग समजावत होता, की आई, त्याचं कामच आहे ते. त्या चपला घालून निघाल्यासुद्धा. सूर्यकांतराव डावीकडे येऊन बसले. साहिबाबादपर्यंत, तिथे टेम्पो आणि रिक्षा अंगावर येतात तरीही, त्यांनी उजवा पाय एकदाही दाबला नाही. दाबावासा वाटला तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून तो धरून ठेवला. वैजयंतीबाईंनी ते पाहिलं.

भंगाराच्या अंगणात टेबलामागे एक कारकून बसला होता. त्याने गाडीकडे एक नजर टाकली, फॉर्म पुढे ओढला आणि सवयीने सूर्यकांतरावांना विचारलं, “सर, गाड़ी लाया कौन? ड्राइवर का नाम?”

सूर्यकांतरावांनी त्याच्या हातातून फॉर्म घेतला. आयुष्यभरात हजारो फॉर्म भरलेला माणूस, पण या वेळी एकेक अक्षर जपून काढलं. त्यांनी लिहिलं, ‘श्रीमती वैजयंती सबनीस’, आणि फॉर्म परत देताना कारकुनाला मोठ्याने म्हणाले, “ये. ड्राइवर ये हैं.”

वैजयंतीबाईंनी सँट्रोच्या टपावर हात ठेवला, बोटांना धूळ लागली ती पुसली नाही, आणि किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर फाटकाशी आल्यावर अनुरागचा फोन आला, कॅब पाठवू का म्हणून. सूर्यकांतरावांनी “थांब जरा” म्हणून फोन खाली धरला आणि बायकोकडे वळून, थोडं चाचरत विचारलं, “नव्या गाडीची फाइल उघडू का?”

“फाइल नको,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “शोरूम किती वाजता उघडतं ते विचारा.”